पीसीएचा अनुभव नसताना पहिली नर्सिंग नोकरी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका राज्यातलं. उमेदवार मराठी, पस्तिशीच्या आसपासची. भारतात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केल्यावर तिने एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलं होतं. लग्नानंतर नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत आली. ओळख पटू नये म्हणून नाव, शहर आणि हॉस्पिटल इथे दिलेलं नाही, शिवाय काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी स्वतः इकडे नर्स आहे आणि महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून ती माझ्याकडे आली, तेव्हा तिचे अर्ज पाठवून झाले होते आणि एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलेलं नव्हतं.

एच-४वर शिकायला परवानगी आहे, पण वर्क परमिट नसेल तर कमावता येत नाही. तिने आधी कम्युनिटी कॉलेजात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी वगैरे आवश्यक विषय पूर्ण केले आणि मग दुसरी पदवी घेणाऱ्यांसाठी असलेला सोळा महिन्यांचा बीएसएन, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, अभ्यासक्रम धरला. ऑगस्टमध्ये सुरू, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपणारा. वर्गातल्या बऱ्याच मुली शनिवार-रविवारी हॉस्पिटलात पेशंट केअर असिस्टंट, म्हणजे पीसीए म्हणून काम करायच्या. नर्सिंगचा पहिला मूलभूत कोर्स झाला की अनेक हॉस्पिटलं विद्यार्थ्यांना या कामावर घेतात. हिला ते शक्यच नव्हतं. क्लिनिकल रोटेशन, म्हणजे पाळीपाळीने वॉर्डांत शिकणं, अभ्यासक्रमाचा भाग आणि बिनपगारी, म्हणून तेवढं चालत होतं.

शेवटच्या सत्रात, ऑक्टोबरात, ग्रीन कार्डच्या अर्जासोबत मागितलेलं वर्क परमिट हातात आलं. डिसेंबरात पदवी, जानेवारीच्या शेवटी एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा. परीक्षा ८५ प्रश्नांवर, म्हणजे किमान संख्येवरच बंद झाली आणि ती पास झाली. लायसन्स आलं, आणि तिला वाटलं आता फक्त नोकरी मिळायची बाकी आहे.

अडचण नेमकी कुठे होती

फेब्रुवारीभर तिने अर्ज केले. सगळे ऑनलाइन, सगळे मोठ्या हॉस्पिटलांत. बहुतेकांचं उत्तर दोन-तीन दिवसांत आलं, काहींचं तर त्याच रात्री. तिने काढलेला निष्कर्ष असा : "ताई, पीसीए केलं नाही म्हणून मला कुणी घेत नाही."

तिने कुठे अर्ज केले होते ती यादी मी मागवली. त्यातल्या जवळपास सगळ्या जागा साध्या आरएनच्या, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या होत्या, ज्यांच्या अटींत 'अॅक्यूट केअरचा (हॉस्पिटलातल्या तातडीच्या उपचारांचा) किमान एक वर्षाचा अनुभव' लिहिलेलं असतं. अर्जात त्यावर हो-नाही असा प्रश्न असतो आणि 'नाही'वर टिक केली की माणसाच्या नजरेस पडायच्या आत अर्ज बाजूला जातो. त्या जागांवर पीसीए केलेली नवी नर्सही अशीच गळली असती, कारण तो अनुभव आरएनचा धरत नाहीत. नव्या पदवीधरांच्या जागा वेगळ्या असतात. त्यांच्या नावात न्यू ग्रॅज्युएट, रेसिडेन्सी (नव्या नर्सना नोकरीत घेऊन शिकवण्याचा कार्यक्रम) किंवा ट्रान्झिशन टू प्रॅक्टिस असं काहीतरी येतं. त्यांच्या तुकड्या ठरलेल्या महिन्यांत निघतात आणि अर्जाची खिडकी काही आठवडेच उघडी राहते.

दुसरा घोळ वेळेचा. फेब्रुवारी-मार्चच्या तुकडीचे अर्ज तिच्या भागात आदल्या शरद ऋतूतच मागवले गेले होते. लायसन्स हातात असल्याशिवाय अर्ज करायचा नसतो अशी तिची समजूत. प्रत्यक्षात अशा जागांवर परीक्षा पास होण्याच्या अटीवर आधीच निवड होते. पीसीए करणाऱ्या वर्गमैत्रिणींना हे माहीत होतं, कारण त्यांच्या मॅनेजरने त्यांना ब्रेकरूममध्ये सांगितलं होतं. त्या मैत्रिणी दर आठवड्याला हॉस्पिटलात कामाला जात होत्या. ही वर्गातून फक्त घरी येत होती. तारखा कधी उघडतात, कुठल्या फ्लोअरवर जागा होणार आहे, कोण निवृत्त होतंय, ही माहिती कामावर असलेल्याला फुकट मिळते.

पीसीएचा अनुभव मॅनेजरला काय सांगतो

सगळं प्रकरण इथे वळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नर्सिंग होममध्ये सहायक म्हणून लागायला केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखालचे. कॅलिफोर्नियासारखी राज्यं १६० तास मागतात. हॉस्पिटलातले पीसीए याच मुशीतले, वर त्या त्या हॉस्पिटलचं प्रशिक्षण. बीएसएनच्या विद्यार्थिनीने क्लिनिकलमध्ये याच्या कितीतरी पट तास काढलेले असतात. म्हणजे कुठल्याही नर्स मॅनेजरला पीसीएचा अनुभव हवा असतो तो प्रशिक्षणाच्या तासांसाठी नव्हे.

माझ्या पाहण्यात मॅनेजरला तीन गोष्टींची खात्री हवी असते. एक, या मुलीला बारा तासांची शिफ्ट म्हणजे काय हे अंगाने माहीत आहे का, की तिसऱ्या महिन्यात 'हे मला वाटलं तसं नाही' म्हणून निघून जाईल? नव्या नर्सच्या ओरिएंटेशनवर, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणावर, हॉस्पिटलचा पैसा आणि प्रिसेप्टरचा, म्हणजे सोबत राहून शिकवणाऱ्या अनुभवी नर्सचा, वेळ जातो, तो वाया गेलेला मॅनेजरने अनेकदा पाहिलेला असतो. दोन, हिच्याबद्दल आमच्यातलं कुणी चांगलं बोलेल का? तीन, ही बेडपॅन द्यायला, रुग्णाला कुशीवर वळवायला, हाताखालच्या माणसांशी धड बोलायला कमीपणा मानणार नाही ना?

पीसीएचा अनुभव या तिन्हींचं एका ओळीत उत्तर देतो. तो नसेल तर ही तीन उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून अर्जात आणि मुलाखतीत ठेवावी लागतात. 'अनुभव नाही, पण शिकण्याची तयारी आहे' असं तिच्या कव्हर लेटरमध्ये होतं, ते वाक्य यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. ते आम्ही पहिलं काढलं.

समोरचे पर्याय

मार्चमध्ये तिच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, आता तरी पीसीए म्हणून लागायचं आणि आतून वर जायचं. तिचा कल याकडे होता. मी विरोधात होते. लायसन्स असलेली नर्स खालच्या पदावर काम करत असली, तरी काही चुकलं तर तिच्याकडून नर्सच्या ज्ञानाची अपेक्षा धरली जाऊ शकते. अधिकार सहायकाचे आणि जबाबदारी नर्सची, अशी ती अवघड जागा आहे. अनेक हॉस्पिटलं याच कारणाने लायसन्सधारकाला पीसीए म्हणून घेत नाहीत. शिवाय रेसिडेन्सीला बहुधा पदवीनंतर वर्षभराच्या आतले उमेदवार घेतात, आणि ते वर्ष आतून संधी मिळायची वाट पाहण्यात गेलं असतं. विद्यार्थी असताना पीसीए करणं आणि लायसन्स आल्यावर करणं यांत हा मोठा फरक आहे.

दुसरी वाट चालून आली होती. घरापासून वीस मिनिटांवरच्या एका नर्सिंग होमने एका मुलाखतीत होकार दिला. संध्याकाळची शिफ्ट, एका नर्सकडे अठ्ठावीस रहिवासी, पाच दिवसांचं ओरिएंटेशन आणि मग एकटीने. वर सही करतानाचा बोनस, पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत करायचा.

नर्सिंग होमला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. चांगल्या ठिकाणी तिथे औषधांचं वेळापत्रक, जखमांची निगा, नातेवाइकांशी बोलणं आणि डॉक्टर समोर नसताना निर्णय घेणं हे सगळं पक्कं होतं. प्रश्न त्या एका ठिकाणाचा होता. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, केअर कम्पेअर या साइटवर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिलेले असतात, आणि २०२२पासून तिथे कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण आणि शनिवार-रविवारची कर्मचारीसंख्याही दिसते. या ठिकाणाला कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत खालचा तारा होता. आम्ही तिला दोन प्रश्न विचारायला सांगितले : रात्री इमारतीत दुसरी आरएन असते का, आणि पाच दिवसांनंतर मी तयार नसेन तर काय? पहिल्याला उत्तर 'फोनवर असते' असं आलं. दुसऱ्याला उत्तर आलं नाही, त्याऐवजी बोनसचा आकडा वाढवून मिळाला. तो वाढलेला आकडा मला सर्वांत बोलका वाटला.

तिसरी, उन्हाळ्याच्या तुकडीपर्यंत थांबायचं आणि अर्ज मोठ्या शहरापुरते न ठेवता तास-सव्वा तासाच्या अंतरातल्या लहान हॉस्पिटलांपर्यंत न्यायचे. तिचं राज्य नर्स लायसन्सच्या आंतरराज्य करारात होतं आणि लायसन्स बहुराज्यीय होतं, त्यामुळे सीमेपलीकडची दोन हॉस्पिटलंही हाताशी आली. हे तिच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

चौथी, डायलिसिस केंद्र किंवा मनोरुग्ण विभाग. डायलिसिस कंपन्या नव्या नर्सना घेतात आणि शिकवतातही. पण तिला सर्वसाधारण वॉर्डची पायाभरणी हवी होती, म्हणून हा पर्याय मागे राहिला.

नवऱ्याचं मत नर्सिंग होमच्या बाजूने होतं. हातातलं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं, हा त्याचा मुद्दा घरखर्च पाहता चुकीचा नव्हता. सोळा महिन्यांची फी भरलेली होती, मुलगी पहिलीत होती. शेवटी त्यांनी मे अखेरची मुदत ठरवली. तोवर हॉस्पिटलचं काही झालं नाही, तर नर्सिंग होमच, पण जास्त तारे असलेलं आणि किमान काही आठवडे सोबत देणारं. मुदत ठरल्यावर घरातली रोजची चर्चा थांबली, आणि मला वाटतं तिच्या मुलाखतीही त्यामुळेच सुधारल्या.

केलेली कृती

रिज्युमे नव्याने लिहिला. आधीच्या कागदावर रोटेशनची नावं आणि 'डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, औषधं देणं, टीमवर्क' अशी यादी होती. ही कामं प्रत्येक विद्यार्थिनी करते, त्यामुळे ती वाचून मॅनेजरला काहीच कळत नाही. त्याऐवजी शेवटच्या प्रॅक्टिकमला, म्हणजे एका प्रिसेप्टरच्या हाताखाली वॉर्डात केलेल्या कामाला, सर्वांत वर जागा दिली : वॉर्डचा प्रकार, एकूण तास, त्यातल्या किती शिफ्ट रात्रीच्या, शेवटी शेवटी किती रुग्णांची जबाबदारी प्रिसेप्टरच्या नजरेखाली स्वतः सांभाळली, नोंदी कुठल्या प्रणालीत केल्या. तिथे एपिक हे नोंदींचं सॉफ्टवेअर होतं आणि ज्या हॉस्पिटलांना अर्ज जाणार होते त्यांतल्या बऱ्याच ठिकाणीही तेच.

औषध कंपनीतली नोकरी तिने पूर्ण वगळली होती. 'त्याचा नर्सिंगशी काय संबंध?' पण शिफ्टमध्ये, रात्रपाळीत, लेखी कार्यपद्धतीप्रमाणे काम करणं, आणि निकाल अपेक्षेबाहेर आला तर तो न दडपता त्याची नोंद करून वर कळवणं, हे तिने तिथे वर्षानुवर्षं केलं होतं. पहिल्या खात्रीचं अर्धं उत्तर तिथेच पडलेलं होतं. दोन ओळींत ते परत आणलं.

शिफारशींचं काम जिकिरीचं निघालं. क्लिनिकल शिकवणारी एक बाई कॉलेज सोडून गेली होती, दुसरीला ती आठवत होती पण पुसटशी. उरली प्रॅक्टिकमची प्रिसेप्टर. तिला ईमेल करायला ही लाजत होती, कारण 'नोकरीसाठी ओळख काढल्यासारखं वाटतं'. हा संकोच आपल्याकडच्या अनेकींत मी पाहते. आपण वशिला आणि शिफारस एकाच पारड्यात टाकतो. तुझं काम ज्या बाईने बारा बारा तास पाहिलं, तिने ते खरं खरं सांगणं म्हणजे वशिला नव्हे, एवढं तिला पटवावं लागलं. प्रिसेप्टरने उत्तर लगेच दिलं. तिच्या वॉर्डात जागा नव्हती, पण तिची आधीची सहकारी एका लहान हॉस्पिटलात मेड-सर्ज (सर्वसाधारण आजार आणि शस्त्रक्रियांचे रुग्ण) आणि टेलिमेट्रीच्या (हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर पाहण्याच्या) वॉर्डची मॅनेजर होती. तिला तिने स्वतःहून निरोप पाठवला. दुसऱ्या खात्रीचं उत्तर असं आलं.

अर्ज मात्र रीतसर, नव्या पदवीधरांच्या जागेवरच केला. ओळखीने ईमेल पाठवून अर्जच न करणारेही मी पाहिलेत. भरती विभागाकडे नोंद नसेल तर मॅनेजरच्या हातात काही राहत नाही. शिवाय कुठल्या विभागात काम करायला आवडेल, या रकान्यात तिने आधी फक्त बाळंतपण आणि नवजात शिशू लिहिलं होतं. जागा तिथे सगळ्यांत कमी आणि रांग सगळ्यांत मोठी. तिथे आता मेड-सर्ज आणि 'रात्रपाळी चालेल' असं आलं.

मुलाखत

मॅनेजर, एक नर्स आणि एक पीसीए, असं तिघांचं पॅनेल होतं. पीसीएला पॅनेलवर बसवणारी मॅनेजर काय पाहते आहे हे उघड होतं, तरी हिला ते आत गेल्यावरच कळलं.

प्रश्न ठरलेल्या साच्यातले : असा प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं. तिने प्रॅक्टिकममधला एक प्रसंग तयार ठेवला होता. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एक वृद्ध रुग्ण अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागले. रात्रीच्या नोंदीत तसं काही नव्हतं. वॉर्डातल्या पीसीएने जाता जाता म्हटलं की ते सारखे पलंगावरून उठायला बघताहेत. तिने ते सोडून न देता लघवी शेवटची कधी झाली ते पाहिलं, प्रिसेप्टरला सांगून ब्लॅडर स्कॅन केला, तर मूत्राशयात ७०० मिलिलिटरच्या वर साठलेलं. डॉक्टरांना एसबीएआरच्या क्रमाने, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि मागणी असं, प्रिसेप्टर शेजारी उभी असताना तिनेच कळवलं. कॅथेटर घातल्यावर तासा-दोन तासांत रुग्ण ताळ्यावर आले.

सरावाच्या वेळी ती हा प्रसंग 'माझ्या लक्षात आलं' असा सांगत होती. मी विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं होतं?" तेव्हा पीसीएची गोष्ट बाहेर आली. ती तिला बिनमहत्त्वाची वाटली होती. खरं तर तिसऱ्या खात्रीचं उत्तर तेच होतं. मुलाखतीत तिने ते जसं घडलं तसं सांगितलं.

मग तो प्रश्न आलाच : तुम्ही पीसीए म्हणून काम केलेलं नाही, का? तिने व्हिसाचं कारण एका वाक्यात सांगितलं. लांबण लावली नाही, तक्रारही केली नाही. पुढे म्हणाली की अंघोळ घालणं, वळवणं, शौचाला नेणं यांत माझा हात इतरांपेक्षा हळू असेल हे मला माहीत आहे, आणि सुरुवातीला एक पूर्ण शिफ्ट पीसीएबरोबर काढायला मिळाली तर मला हवी आहे. पॅनेलवरच्या पीसीएने तिथे पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

निकाल आणि पहिले महिने

मेच्या तिसऱ्या आठवड्यात होकार आला. जुलैची तुकडी, रात्रपाळी, वर्षभराची रेसिडेन्सी, बारा आठवडे प्रिसेप्टरसोबत. घरापासून तासाभराचं अंतर. बोनस नाही.

नोकरी लागली तिथे अशी प्रकरणं सहसा संपवतात, पण पीसीए न केल्याची खरी किंमत तिला नंतर मोजावी लागली. औषधं, मॉनिटरवरचे हृदयाचे ताल, डॉक्टरांना फोन, यात ती तुकडीत पुढे होती. वेळ जात होता तो पलंगाशी. एकटीने चादर बदलताना, ड्रेन आणि आयव्हीच्या नळ्या सांभाळत रुग्णाला खुर्चीत बसवताना, तिची बाकीची शिफ्ट कोलमडायची. तिचं ओरिएंटेशन दोन आठवडे वाढवलं गेलं. तिला तो अपमान वाटला. मला ती मॅनेजरने पाळलेली जबाबदारी वाटली, आणि नर्सिंग होमच्या त्या अनुत्तरित दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे न विचारता मिळालं होतं.

कामं सोपवणं हा दुसरा पेच. योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना, योग्य देखरेख, ही पंचसूत्री तिला परीक्षेपुरती पाठ होती. पण चौदा वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या पीसीएला पहाटे पाचला 'हे करशील का' म्हणताना तिची जीभ अडायची. मग ती सगळं स्वतःच करायची, उशीर व्हायचा, आणि पीसीएला वाटायचं हिचा आपल्यावर विश्वास नाही. मुलाखतीत मागितलेली ती शिफ्ट मॅनेजरने चौथ्या आठवड्यात दिली. नर्सची कामं नाहीत, पूर्ण रात्र पीसीएच्या मागे. एका रात्रीत हात वेगवान होत नाहीत. पण एका फेरीला किती वेळ लागतो आणि कुठल्या वेळी काय मागू नये हे तिला कळलं, आणि सांगण्यातला अवघडलेपणा बराच गेला.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबरात वर्क परमिट आल्यावर तिने पीसीएची नोकरी धरली नाही, याची तिला अजून चुटपुट आहे. मला ते तितकं पटत नाही. भरतीची प्रक्रिया, दिवसाचं ओरिएंटेशन, चालू प्रॅक्टिकम आणि घरी लहान मूल हे गणित डिसेंबरपर्यंत जमलं नसतं. त्याच ऑक्टोबरात करण्यासारखं दुसरं काम होतं : रेसिडेन्सीचे अर्ज. त्याला दोन संध्याकाळ लागल्या असत्या आणि कदाचित पाच महिने वाचले असते.

वर्क परमिट नसतानाच्या काळात हॉस्पिटलात विनामोबदला स्वयंसेवक म्हणून जाता आलं असतं. रुग्णाला हात लावायची परवानगी तिथे फारशी नसते, पण वॉर्डातली माणसं ओळखू लागतात आणि तारखा कानावर येतात. यात एक काळजी घ्यायची : जे काम हॉस्पिटल एरवी पगार देऊन करून घेतं, ते फुकट करणं व्हिसाच्या दृष्टीने अडचणीचं ठरू शकतं. म्हणून हॉस्पिटलच्या अधिकृत स्वयंसेवक विभागामार्फतच जायचं आणि शंका असेल तर वकिलाला विचारायचं.

शिफारशी रोटेशन संपायच्या शेवटच्या दिवशीच मागायला हव्या होत्या, पत्ता आणि वैयक्तिक ईमेलसह. शिकवणाऱ्या बाई बदलतात.

आणि मी हे प्रकरण पुन्हा हाताळलं, तर मेपर्यंतच्या मुदतीत एका बऱ्या नर्सिंग होमशी समांतर बोलणी चालू ठेवायला सांगेन. आम्ही ते 'नंतर बघू' म्हणून ठेवलं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात होकार आला नसता, तर तिच्या हातात जूनमध्ये नव्याने सुरुवात करण्यापलीकडे काही नव्हतं. तिथे सही करण्याआधी त्या भागातल्या रेसिडेन्सींना एक प्रश्न विचारून घ्यावा लागला असता : नर्सिंग होममधले महिने तुम्ही आरएनचा अनुभव धरता का? काही ठिकाणी फक्त अॅक्यूट केअरचा अनुभव मोजतात आणि दार उघडं राहतं, काही ठिकाणी कुठलाही अनुभव ठरावीक महिन्यांपुढे गेला की उमेदवार 'नवा' राहत नाही. हे उत्तर जाहिरातीत क्वचित सापडतं. भरती विभागाला फोन करून विचारावं लागतं, आणि त्याची ईमेलवर पोच घ्यावी लागते.